पाणी आडव्यानं येतं

एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. दादानं सकाळच्या चहाचा पहिला घोट घेतला आणि कप बशीत ठेवून दिला. "मचूळ लागता," एवढंच म्हणाला. वहिनीनं न बोलता दुसरं आधण ठेवलं, या वेळी वरच्या वाडीतून आणलेल्या कळशीतलं. पुढे कुणी काही बोललं नाही. चहा मचूळ झाला म्हणजे बाव, घरची विहीर, मचूळ झाली, आणि बाव मचूळ झाली की मिरगापर्यंत प्यायचं पाणी चढावरून आणायचं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

आमचं घर मालवण तालुक्यात, आचऱ्याच्या अलीकडे, खाडीला लागून. पुढे माड-पोफळीचं आगर, मागे चढ, चढावर काजू आणि रातांब्याची झाडं, आणि त्याच्याही वर सडा. मैलभर पसरलेला काळा कातळ, पावसात हिरवागार आणि मार्चनंतर अनवाणी चालवणार नाही इतका तापलेला. बाव पणजोबांनी खणलेली, जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधलेली. माझ्या लहानपणी मे महिन्यात चाकरमानी येऊन घरात तीस माणसं झाली तरी रहाट दिवसभर कुरकुरत असे आणि पाणी गोडं असे. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत ती आधी मेच्या शेवटी, मग मेच्या सुरुवातीला आणि आता एप्रिलातच मचूळ व्हायला लागली.

"या वर्षी बोअर मारूक सांगतंय मी," दादा म्हणाला. "दोनशे फूट."

मी विचारलं, "त्या बोअरला पाणी कुठलं येणार?"

"कुठला म्हणजे? पाणी ता पाणी."

दादाचं चुकलं असं मला म्हणायचं नाही. कोकणात जन्मलेला माणूस असंच म्हणणार. आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. चार महिने आभाळ इतकं देतं की ते कुठून आलं आणि कुठे गेलं, हे विचारायची सवयच लागत नाही. मला ती लागली ती बारमेरमध्ये.

नवऱ्याच्या बदलीमुळे २००४ ते २००७ अशी तीन वर्षं आम्ही राजस्थानात बारमेरला काढली. वर्षाचा पाऊस अडीचशे-पावणेतीनशे मिलिमीटर. आमच्याकडे आषाढातल्या दोन दिवसांत कधीकधी तेवढा होतो. गेल्यावर पहिल्याच महिन्यात शेजारच्या आजीबाईंनी मला पाण्याची तीन नावं शिकवली. आभाळातून पडून तळ्यात, टाक्यात साठतं ते पालर पाणी. खूप खोल विहिरीतून येतं, बहुधा खारं, ते पाताल पाणी. आणि या दोघांच्या मधलं, वाळूत ओलीच्या रूपानं थांबलेलं, थेंबाथेंबानं झिरपणारं ते रेजाणी पाणी. पाहुण्याला लोटा देताना त्या सांगायच्या, हे रेजाणी आहे. आपण हापूस देवगडचा की आणखी कुठला ते सांगतो, तितक्या सहज.

हे रेजाणी पाणी ज्यातून काढतात त्या कुई किंवा बेरी मी पुढे पाहिल्या. जेमतेम माणूस आत उतरेल एवढं तोंड, वर लाकडी झाकण, काही झाकणांना कुलूप. तोंड मुद्दाम अरुंद ठेवतात. आत दिवसाकाठी दोन-चार बादल्याच पाणी जमणार. रुंद तळाला ते नुसतं पसरेल, बादली बुडणार नाही, आणि रुंद तोंडातून उन्हानं उडून जाईल. मला प्रश्न पडला तो दुसराच. शेदोनशे हात खाली सगळं पाणी खारं असताना मधेच हे गोडं पाणी टिकतं कसं? उत्तर आजीबाईंच्या नातवानं दिलं. वाळूच्या खाली काही ठिकाणी जिप्समचा थर आहे, तिथे त्याला खडिया म्हणतात. वाळूत पाऊस झटकन खाली उतरतो. वाळू चिकणमातीसारखी भेगाळत नाही, त्यामुळे उतरलेली ओल वर उडून जायला वाट सापडत नाही. खाली खडिया तिला अडवते, म्हणून ती खालच्या खाऱ्यातही मिसळत नाही. मधल्या मधे राहते आणि कुणी पोकळी केली की तिकडे पाझरते.

त्या थराचा दुसरा चेहरा आम्ही ऑगस्ट २००६ मध्ये पाहिला. काही दिवसांतच वर्षाच्या सरासरीहून जास्त पाऊस झाला आणि बारमेरजवळचं कवास गाव बुडालं. वाळवंटात माणसं पुरात गेली. पाऊस थांबल्यावर वाटलं, वाळू आहे, चार दिवसांत पाणी मुरेल. ते महिनोन् महिने मुरलं नाही. खाली जिप्सम होतं. जो थर एरवी घोटभर गोडं पाणी सांभाळतो, त्यानंच ते तळं गावावर उभं धरलं. ते पाणी डोळ्यांनी पाहिल्यापासून "जमिनीखाली काय आहे" हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

सहा वर्षांपूर्वी मी कायमची माहेरी राहायला आले, तेव्हा आमच्या गावात विहिरी खणणारे आबा हयात होते. ऐंशीच्या पुढचे, पाठीत वाकलेले, नजर मात्र घारीची. त्यांना मी खडियाची गोष्ट सांगितली. ते अजिबात चकित झाले नाहीत. म्हणाले, "मगे आपल्याकडे वायला काय असा? वर जांभो, खाली ती पांढरी माती. बाय, बावीक पाणी वरसून येणा नाय. आडव्यान येता."

माझं सगळं शिक्षण त्या एका वाक्यात उलटंपालटं झालं. मी समजत होते की बावीत येतं ते आगरात पडलेलं, बावीच्या भोवतालच्या जमिनीत मुरलेलं पाणी. आबांनी काठीनं अंगणात चित्र काढून दाखवलं. वरचा कातळ टणक, पण त्यात नळ्याच नळ्या; जांभ्याचा चिरा तोडला की आत भोकं दिसतात ती. खाली मऊ जांभा, त्याच्याखाली साबणासारखी गुळगुळीत, पांढरट-गुलाबी माती. त्या मातीतून पाणी उतरत नाही. सड्यावर पडलेला पाऊस भोकांतून उतरतो, मातीवर येऊन टेकतो आणि उताराच्या बाजूला आडवा चालू लागतो. जिथे चढाच्या कुशीत तो थर उघडा पडतो तिथे झरा. आमचा पाणवठा अशाच जागी आहे, वर उंबर, बाजूला देवाची राई. झऱ्यातून जे वाहून जात नाही ते आणखी खाली, चढाच्या पायथ्याच्या मातीदगडातून सरकत आगरात येतं. "बावीचा पाणी बावीत नसता. ता सड्यार असता. बाव म्हणजे नुसता दार."

म्हणजे रचना तीच. वर झिरपू देणारा थर, खाली अडवणारा. बारमेरला वाळू आणि खडिया, आमच्याकडे जांभा आणि माती. फरक इतकाच की तिथे तो थर सपाट भूमीत निजलेला आहे आणि आमच्याकडे तो समुद्राकडे उतरता आहे. तिथे आमच्या दहाव्या हिश्श्याएवढाच पाऊस पडतो आणि त्यातली ओल पुढच्या पावसापर्यंत पुरते. आमच्याकडचं पाणी दिवाळीपासूनच निघण्याच्या घाईत असतं. मे महिन्यात आमचा सडा आणि थार यांच्यात मला फार अंतर दिसत नाही.

आबांच्या तरुणपणी दोन वाड्यांत पाणवठ्यावरून भांडण झालं होतं. वरच्या वाडीचं म्हणणं, झरा आमच्या सड्याचा. खालच्यांचं म्हणणं, तो डोंगराच्या पोटातला, कुणाचाच नाही. आबांच्या वडिलांनी ऐन श्रावणात टोपलीभर भाताचं तूस हळदीत उकळलं, सड्यावरच्या एका बिळात जिथे पाणी गुडगुडत आत जातं तिथे नेऊन ओतलं, आणि चार माणसं पाणवठ्यावर बसवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झऱ्यातून पिवळं तूस आलं. भांडण तिथेच मिटलं असं नाही, पण पाणी कुठलं याबद्दल पुन्हा कुणी वाद घातला नाही.

पुढे वाचत गेले तेव्हा लक्षात आलं की शास्त्रज्ञ जगभरच्या वाळवंटांत हेच करत आले आहेत, फक्त त्यांचं तूस डोळ्यांना दिसत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतल्या लोकांनी देशात ठिकठिकाणी पावसाळ्याच्या तोंडावर जमिनीत हातभर खाली ट्रिटियम मिसळलेलं थोडं पाणी घातलं. ट्रिटियम म्हणजे हायड्रोजनचंच किरणोत्सारी, जड भावंड. पावसाळा संपल्यावर तिथलीच माती थराथरानं वर काढून ते किती खाली सरकलं हे मोजलं. तेवढ्या अंतरात मावणारं पाणी म्हणजे त्या वर्षी भुईत मुरलेला पाऊस. हे वाचताना मला आबांच्या वडिलांची टोपली आठवली आणि डोळे भरून आले.

काही तूस मात्र आभाळच घालून ठेवतं. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन असतो, आणि दर हजार अणूंतले साधारण दोन इतरांपेक्षा जड असतात. समुद्रावरून वाफ उठते तेव्हा जडांचे पाय मागे राहतात. ढग किनाऱ्यावर येऊन बरसू लागला की जड आधी उतरतात. डोक्यावर जास्त ओझं असलेला गडी घाटाच्या पायथ्यालाच बसतो तसं. म्हणून किनाऱ्यावरचा पाऊस किंचित जड, घाटमाथ्यावरचा हलका, हिमालयातलं बर्फ त्याहून हलकं. १९६१ मध्ये हार्मन क्रेग या अमेरिकी शास्त्रज्ञांनी जगभरच्या पावसा-नद्यांचं पाणी तपासून दाखवलं की जड ऑक्सिजन आणि जड हायड्रोजन (ट्रिटियम नव्हे, त्याचं किरणोत्सारी नसलेलं भावंड) यांचं प्रमाण एका सरळ रेषेत वाढतं-घटतं. आणि तळ्यात उभं राहून उन्हानं आटलेलं पाणी त्या रेषेवरून ढळतं. एवढं हातात असलं की वाळवंटातल्या उथळ विहिरीला विचारता येतं: तू वाळूतून झटकन उतरलेला पाऊस आहेस, की तळ्यात आटत आटत पाझरलेलं पाणी, की इंदिरा गांधी कालव्यातून सतलज-बियासचं हिमालयी पाणी गळून इथवर आलंय? तिघांच्या खुणा वेगळ्या निघतात.

या पद्धतीतून वाळवंटांबद्दल जे कळलं त्यातलं एक मला फार खरं वाटतं, कारण मी कवास पाहिलंय. अनेक कोरड्या प्रदेशांत उथळ भूजलाची खूण तिथल्या सरासरी पावसाशी जुळतच नाही. ती जुळते मोठ्या वादळी पावसाशी. बुरबुर आली, वरची माती ओली झाली, उन्हानं ती परत नेली. भुईत उतरतो तो चार-पाच वर्षांतून एखादा रात्रभर कोसळणारा पाऊस, किंवा कोरड्या नदीला अचानक आलेला लोंढा, जो पात्राच्या वाळूतून दोन दिवसांत खाली जातो. विहीर त्या एका रात्रीवर कित्येक वर्षं काढते.

आणि वय. १९५० आणि ६० च्या दशकांत अणुबॉम्बच्या चाचण्यांनी आभाळात इतकं ट्रिटियम सोडलं की १९६३ च्या सुमारास पावसातलं त्याचं प्रमाण शिगेला पोचलं. दर १२.३ वर्षांनी ते निम्मं होतं, त्यामुळे आता त्याचा माग पुसट झालाय; पण कित्येक दशकं ते असणं म्हणजे पाणी अलीकडचं आणि नसणं म्हणजे जुनं, असा सरळ हिशेब होता. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात जैसलमेर भागातलं भूजल तपासलं, तेव्हा तिथल्या खोल गोड्या पाण्यात ट्रिटियम जवळपास नव्हतं आणि कार्बनवरून त्याचं वय हजारो वर्षं निघालं. सहाराच्या पूर्व भागात, इजिप्तच्या पश्चिम वाळवंटाखालचं काही पाणी तर दोन लाखांपासून दहा लाख वर्षांपर्यंतचं आहे; ते मोजायला क्रिप्टॉन वायू वापरावा लागला. असं पाणी उपसणं म्हणजे खाण खणणं. ते परत भरत नाही.

आमच्या बावीचं पाणी किती वर्षांचं? मी कुठे तपासायला पाठवलं नाही. मी फक्त वही घातली. गेल्या दिवाळीपासून दर रविवारी सकाळी, ओहोटीची वेळ पाहून, गाठी मारलेली सुतळी दगड बांधून बावीत सोडायची आणि कठड्यापासून पाणी किती खाली ते लिहायचं. पाण्यातले विरघळलेले क्षार मोजायचं पेनाएवढं यंत्र मिळतं, ते बुडवून आकडा लिहायचा. मग चढून पाणवठ्यावर जायचं आणि झऱ्याखाली कळशी भरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहायचं. वहिनी आधी म्हणाली, काय या उन्हातान्हात. फेब्रुवारीपासून तीच सुतळी धरायला येऊ लागली.

पागोळीच्या पाण्याचा आकडा १२ होता. झऱ्याचा ३८. बावीचा नोव्हेंबरात ९५, फेब्रुवारीत १४०, मार्चअखेर ३१०, दादानं कप खाली ठेवला त्या आठवड्यात ७४०. झऱ्याखालची कळशी नोव्हेंबरात चाळीस सेकंदांत भरत होती, मार्चच्या पहिल्या रविवारी सहा मिनिटं लागली, एप्रिलच्या पहिल्या रविवारी उंबराखालचा दगड नुसता ओला होता. झरा थांबला आणि तीन आठवड्यांत बाव मचूळ झाली. तारखा शेजारी शेजारी लिहिल्यावर आबा काय म्हणत होते ते कागदावर उमटलं. वरून येणारं थांबलं की खालून खाडी चढते.

वाळवंटात क्षार हा पाण्याचा मोठा साक्षीदार मानतात. आमटी उकळत ठेवली की पाणी उडतं, मीठ उडत नाही, खारटपणावरून किती आटली ते सांगता येतं. पावसाबरोबर थोडं क्लोराइड पडतं, झाडं ते जवळजवळ घेतच नाहीत. समजा पावसात ते पाच आहे आणि विहिरीत शंभर, तर पडलेल्या पावसाचा विसावा हिस्साच खाली पोचला, बाकीचा उडाला. कोरड्या प्रदेशात पाऊस किती मुरतो हे काढायची ही सगळ्यात स्वस्त रीत. आमच्याकडे ती सरळ लागू होत नाही. इथे खारा वाराच पानापानांवर मीठ आणून ठेवतो आणि शेजारी खाडी बसलेली असते. माझा ७४० हा आटलेल्या पावसाचा आकडा नाही, तो शेजारणीचा आहे. हे मला कळलं ते वहीतल्या पाण्याच्या पातळीच्या रकान्यामुळे. एका अमावास्येला उधाणाच्या भरतीची वेळ आणि ओहोटीची वेळ अशी दोनदा सुतळी सोडली, तर बावीतलं पाणी चार बोटं वर-खाली झालं. खाडी श्वास घेते तशी बाव श्वास घेते.

दोनशे फुटांच्या बोअरला मी विरोध केला तो यासाठी. किनाऱ्यालगत गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं, कारण खारं किंचित जड. समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक हात असेल तर खाली सुमारे चाळीस हातांपर्यंत गोडं सापडतं. घायबेन आणि हर्झबर्ग या दोन अभियंत्यांनी सव्वाशे-एक वर्षांपूर्वी हे वेगवेगळं मांडलं. वाळूत हा हिशेब बराच बरोबर येतो, आमच्या भेगाळ खडकात वाकडातिकडा. पण उलट बाजूनं वाचला तर तो भीतीदायक आहे: वरची पातळी एक हात उतरली की खालचं खारं चाळीस हात वर येऊ शकतं. पंप जितका जोरात, तितकी शेजारीण लवकर घरात. सिंधुदुर्ग किल्ल्यावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव आहेत, भर समुद्रात, चहूकडे खारं पाणी, आणि १६६४ मध्ये किल्ल्याचं काम सुरू झालं तेव्हापासूनच्या पिढ्या त्यांचं गोडं पाणी प्यायल्या. शाळेत असताना पहिल्यांदा तिथे ओंजळ भरली तेव्हा तो चमत्कार वाटला. आता वाटतं, बेटावर पडलेला पाऊस खडकात तरंगत राहिला असणार, आणि ज्यांनी त्या बावी खणल्या त्यांना कुठे थांबायचं ते कळत होतं. त्या उथळ आहेत.

दादानं तरी पाणाडी बोलावला. सभ्य, मितभाषी माणूस. तळहातावर नारळ आडवा धरून आगरात फिरला, पोफळींच्या मागे नारळ उभा राहिला. त्यानं जागा दाखवली, खोली सांगितली. पाणी कुठून येतं हे विचारल्यावर म्हणाला, तेवढं मला दिसत नाही. त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल मला आदर वाटला. सहाव्या शतकात वराहमिहिरानं जमिनीखालच्या पाण्याच्या शिरा ओळखायच्या खुणा लिहून ठेवल्या, त्यात जांभळाचं झाड आहे, वारूळ आहे, मातीचा रंग आहे, आणि मरुदेशात या शिरा उंटाच्या मानेसारख्या जातात असं म्हटलंय. उंटाची मान जवळून पाहिलेल्या मला ही उपमा पटकन कळली: खाली खोल वाकते आणि मग लांब कुठेतरी वर निघते. पाणी जिथे सापडतं तिथलं ते नसतं, हे त्याला दिसत होतं. आमच्या राजापूरच्या गंगेबद्दल आजी म्हणायची, ती काशीहून येते. साधारण तीन वर्षांनी उन्हाळ्याच्या सुमारास चौदा कुंडं अचानक भरतात, काही महिने वाहतात आणि जातात. खडकातल्या एखाद्या पोकळीत पाणी साठत साठत ठरावीक उंचीला आलं की नळीतून सगळं ओढलं जातं, असा त्याचा अर्थ लावतात. मला आजीचं उत्तर पटत नाही, पण तिनं प्रश्न विचारला होता. दोनशे फुटांत तो कुणीच विचारत नाही.

पावसाळ्यानंतर बघू, असं दादा म्हणाला. बोअरची गाडी दिवाळीनंतरची ठरली.

सात जूनला मिरग लागला, पाऊस अकराला आला. बावीचा आकडा खाली यायला सुरुवात झाली ती एकोणतीसला. अठरा दिवस. एवढाच पल्ला आमच्या पाण्याचा, सड्यावरून दारापर्यंत. सहाराचं दहा लाख वर्षांचं पाणी कुठे आणि आमचं हे अठरा दिवसांचं पोर कुठे.

श्रावणात मी दादाच्या नातीला हाताशी घेऊन तूस हळदीत उकळलं. मोठं पातेलं, दोन पायली तूस. पिवळंधमक झालं. दादा बघत होता, काही बोलला नाही, पण टोपली उचलून सड्यावर तोच घेऊन आला. आबांनी दाखवलेलं बीळ शोधायला अर्धा तास गेला, गवत कमरेएवढं. पाणी आत जात होतं, घशातून उतरावं तसा आवाज. आम्ही तूस ओतलं आणि उतरून पाणवठ्यावर बसलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी नाही. झरा वाहत होता, पण आबा सांगायचे तसा मांडीएवढा नव्हे, मनगटाएवढा. चौथ्या दिवशी मी म्हटलं, कुजलं असेल, अडकलं असेल. नात ऐकेना. ती सड्याच्या कडेकडेनं फिरत पलीकडच्या अंगाला गेली, जिथे सतरा-अठरा वर्षांपूर्वी चिरेखाण काढली होती. ती आता बंद आहे, चौकोनी खड्डा, उभ्या कापलेल्या भिंती.

"आजी, हळद इली!"

आम्ही धावत गेलो. खाणीच्या कापलेल्या भिंतीत, गुडघ्याच्या उंचीवर, एका नळीतून पाणी पडत होतं. खाणीत पाणी साचू नये म्हणून तेव्हा कुणीतरी पलीकडच्या उताराला चर काढला होता. त्या चरातून ते पाणी खळाळत दुसऱ्या बाजूच्या व्हाळाला जात होतं, आणि चराच्या काठच्या गवताला पिवळं तूस लागलेलं होतं, लांबपर्यंत.

दादा बराच वेळ उभा राहिला. मग छत्री मिटून माझ्या हातात दिली आणि चराच्या काठानं पावलं मोजत चालू लागला. एकशे चाळीसपर्यंत मोजल्याचं ऐकू आलं, पुढे पावसाचा आवाज वाढला. परत आल्यावर म्हणाला, वहीत लिही, आणि हेच्या तोंडाशी चिऱ्यांचो बांध घालूक किती चिरे लागतीत, ता काढ.